बिनशिटीचा कुकर

पत्र: "मी भुसावळला राहते, शाळेत शिक्षिका आहे. मिस्टर रेल्वेत आहेत, त्यांची ड्युटी कधी पहाटेची तर कधी रात्रीची. घरी सासूबाई असतात. दिवाळीला मुलानं पुण्याहून सहा लिटरचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर पाठवला. 'आई, आता स्वयंपाक झटपट,' म्हणाला. कसलं झटपट! गॅसवर पंधरा-वीस मिनिटांत होणाऱ्या वरणाला यात अर्ध्या तासाच्या वर लागतं. डाळ कधी टचटचीत राहते, कधी तिचं पार पीठ होतं. खिचडीचा लगदा होतो. काळ्या मसाल्याचा रस्सा टाकला की 'बर्न' अशी अक्षरं येतात आणि यंत्र गप्प बसतं. सासूबाई म्हणतात, शिटी नाही त्याला कुकर कशाला म्हणायचं, आणि जेवणाला चवही नाही. मधेच लाइट गेली तर काय, ही भीती वेगळीच. एका शिटीला किती मिनिटं धरायची तेवढं सांगा. की मुलाला वाईट वाटलं तरी परत करून टाकू?"

ताई, नमस्कार.

परत करू नका. पण तुमच्या मुलानं तुम्हाला अर्धंच खरं सांगितलंय, हेही तितकंच खरं.

या कुकरचा हिशेब असा असतो. तुम्ही 'दहा मिनिटं' लावता तेव्हा ती दहा मिनिटं लगेच सुरू होत नाहीत. सहा लिटरच्या कुकरात बहुधा हजार वॅटचा हीटर असतो आणि गॅसच्या मोठ्या बर्नरइतका जोर त्याच्यात नसतो. आतलं पाणी उकळून, वाफ भरून, झाकणावरची ती छोटी खिट्टी वर येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात. मग तुमची दहा मिनिटं मोजायला सुरुवात होते. ती संपल्यावर वाफ आपोआप उतरायला आणखी दहा-पंधरा. झाला अर्धा तास, वर थोडंफार. यंत्र बिघडलेलं नाही, ते असंच चालतं. नुसतं दोन माणसांचं वरण करायचं असेल तर गॅसवरचा कुकर याला सहज मागे टाकेल, आणि तिथे तुम्ही गॅसच वापरा.

मग हा घ्यायचा कशाला? तर त्या अर्ध्या तासात तुम्हाला ओट्यापाशी उभं राहावं लागत नाही म्हणून. गॅसवर कुकर असला की माणूस आंघोळीला गेलं तरी कान स्वयंपाकघरातच असतात. तिसरी शिटी झाली, गॅस बारीक करा, बंद करा. इथे पहाटे साडेपाचला झाकण लावलं की आंघोळ करा, देवपूजा करा, वह्या तपासा. वेळ झाली की हीटर स्वतःच बंद होतो, अन्न गरम राहतं. मिस्टरांची गाडी दोन तास उशिरा आली तरी गरम वरण मिळतं. मिनिटं मोजत बसाल तर हा कुकर तुम्हाला तोट्यातच दिसेल. आपण चुलीपाशी किती वेळ अडकलो होतो, ते मोजून पाहा.

आता शिट्ट्या. एका शिटीला किती मिनिटं, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, कारण शिटी हे वेळेचं माप कधी नव्हतंच. आत वाफेचा दाब वजनापेक्षा जास्त झाला की वजन उचललं जातं आणि शिटी होते. आच मोठी असेल तर भराभर होतात, बारीक असेल तर दहा मिनिटं एकही नाही. तुमच्या तीन शिट्ट्या आणि शेजारणीच्या तीन शिट्ट्या म्हणूनच सारख्या नसतात. दुसरी गोष्ट दाबाची. आपल्या वजनाच्या कुकरात साधारण पंधरा पौंडांचा दाब धरतात, तेव्हा आत १२१ अंशांच्या आसपास तापमान असतं. इलेक्ट्रिक कुकर बहुतेक दहा ते बारा पौंडांवर चालतात, म्हणजे ११५ ते ११८ अंश. फरक थोडा दिसतो, पण डाळीला तो कळतो. म्हणून शिट्ट्यांचं रूपांतर करत बसू नका. प्रत्येक पदार्थाची मिनिटं नव्यानं ठरवा आणि फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवा. पंधरा दिवसांत तो कागद तुमच्या घरापुरता पक्का होतो.

सुरुवातीला आकडे मी देते, मग तुम्ही दोन मिनिटं इकडेतिकडे करा. अर्धा तास भिजवलेली तूरडाळ आठ मिनिटं, न भिजवलेली बारा. मुगाची डाळ सहा. रोजचा कोलम तांदूळ पाच. रात्रभर भिजवलेले गावरान हरभरे पंचवीस ते तीस, काबुली पंधरा ते वीस, भिजवलेली चवळी आठ, हुलगे पंचवीस. मोड आलेली मठ, म्हणजे मटकी, एक मिनिट पुरे, नाहीतर तिची उसळ न होता आमटी होते. मध्यम बटाटे अख्खे, जाळीवर ठेवून, बारा. बोकडाचं मटण तीस. आणि या सगळ्यात शेवटी दहा मिनिटं तरी वाफ आपली आपण उतरू द्यायची. मठ तेवढी अपवाद, तिची वाफ लगेच काढा.

डाळ कधी कच्ची, कधी पीठ, याचा दोष कुकरला देण्याआधी डाळीकडे बघा. आपल्याकडे नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते. त्या तुरीची डाळ उन्हाळ्यात लोण्यासारखी शिजते आणि तीच पोत्यात वर्षभर राहिली की पुढच्या पावसाळ्यात-हिवाळ्यात हट्ट करते. जळगावच्या डाळमिलची असो की नवापूरची, जुनी झाली की जास्त वेळ मागणारच. तुम्ही दिवाळीला कुकर वापरायला लागलात, म्हणजे नेमकी वर्षाची सगळ्यात जुनी डाळ त्यात पडली. मग पाणी. नळाला पाणी आलं नाही की बोअरचं वापरतो आपण, आणि ते जड असतं. त्यातल्या क्षारांमुळे डाळीचं साल आणि दाणा दोन्ही लवकर मऊ होत नाहीत. एक दिवस डाळीपुरतं फिल्टरचं पाणी घालून बघा. फरक पडला तर तुमचं उत्तर तिथेच आहे. आणि आंबट. चिंच, टोमॅटो, अंबाडी यांपैकी काहीही कच्च्या डाळीबरोबर शिजायला टाकलं की डाळ आखडते. अंबाडीची भाजी करताना आपल्या आया-आज्या अंबाडी वेगळी उकडून पिळायच्या आणि डाळ-कण्या वेगळ्या शिजवायच्या, ते उगाच नव्हतं. इलेक्ट्रिक कुकर घेतला म्हणून सगळं एकदम टाकायची मुभा मिळत नाही.

डाळीच्या पाण्यात चमचाभर तेल टाका, फेस कमी येतो. भांडं डाळीला अर्ध्याच्या वर कधी भरू नका, बाकी पदार्थांना दोन तृतीयांशापर्यंत चालतं. डाळीची वाफ मध्येच झाकणावरची वाफेची झडप फिरवून सोडली की पिवळा फवारा थेट भिंतीवर जातो, कधी हातावरही येतो. घाई असेल तर निदान पाच-सात मिनिटं थांबून, लांब पळीच्या दांड्यानं, तोंड बाजूला ठेवून सोडा. कुकर भिंतीतल्या कपाटाखाली ठेवला असेल तर पुढे ओढून घ्या, नाहीतर वाफेनं प्लाय फुगतं.

तुमच्या सकाळसाठी एकच गोष्ट शिकायची असेल तर ती डब्यांची. कुकरात डबे लावायला मराठी बाईला कोणी शिकवावं लागत नाही, पण या यंत्राच्या पुस्तिकांत ते ठळकपणे नसतं, कारण या जातीचा सगळ्यात गाजलेला कुकर २०१० मध्ये कॅनडात बाजारात आला आणि त्याच्या पाककृती तिकडच्या जेवणाच्या आहेत. तुम्ही असं करा. आतल्या स्टीलच्या भांड्यात दीड वाटी भिजवलेली तूरडाळ, चार वाट्या पाणी, हळद, हिंग, तेल. त्यात उंच पायांची जाळी. जाळीवर स्टीलचा डबा, त्यात धुतलेला दीड वाटी तांदूळ आणि सव्वादोन वाट्या पाणी, वर सैल झाकणी. डब्याभोवती वाफ फिरायला बोटभर जागा हवी, आणि डबा झाकणाला टेकायला नको. दहा मिनिटं लावा. भात डब्यात असल्यामुळे त्याला पाचाऐवजी दहा चालतात, आणि आठ मिनिटांच्या डाळीलाही दोन जास्त चालतात. डब्यापुढे कडेला एखादा बटाटा अडकवता आला तर दुपारची भाजीही मार्गी लागते. वाफ उतरली की डाळ घोटा आणि फोडणी गॅसवर, लोखंडी पळीत. भाकरी-पोळी तर तव्यावरच. तेवढ्यापुरतंच उभं राहायचं.

मात्र साडेपाचला डोळे चोळत हे करताना एक सवय लावून घ्या: डाळ-पाणी ओतायच्या आधी आतलं भांडं जागेवर आहे ना, हे हातानं चाचपून बघा. भांडं धुवायला काढलेलं असतं आणि पाणी थेट यंत्रात, हीटरवर ओतलं जातं. हे कुकर दुरुस्तीला जातात त्यात असेही असतात. भांड्याचं बूडही कोरडं पुसूनच आत ठेवा.

खिचडीकडे वळते. तुमचा लगदा होतो कारण तुम्ही बहुधा गॅसच्या मापानं पाणी घालता. गॅसच्या कुकरातून शिट्ट्यांबरोबर वाफ बाहेर जाते, पातेल्यातून तर फारच. या कुकरातून जवळजवळ काही जात नाही, घातलेलं पाणी आतच राहतं. खान्देशी खिचडी म्हणजे तूरडाळीची, मोकळी, लसणाची. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी तूरडाळ, दोन्ही धुऊन अर्धा तास भिजवा आणि निथळा. 'सॉटे'वर, म्हणजे परतायच्या बटणावर, तेल तापवून मोहरी, जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, सुक्या मिरच्या, मूठभर शेंगदाणे, मग हळद, तिखट, थोडा काळा मसाला. डाळ-तांदूळ मिनिटभर परता, मोजून पाच वाट्या गरम पाणी, मीठ. गरम पाणी घातलं की दाब लवकर येतो. सहा मिनिटं, आणि दहा मिनिटं वाफ मुरू द्या. उघडल्यावर चमच्यानं ढवळू नका, उलथण्यानं हलक्या हातानं मोकळी करा. ताटात वाढल्यावर वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल, भाजलेला पापड, लोणचं. आजारी माणसाची मऊ खिचडी हवी असेल तर मुगाची डाळ घ्या आणि पाणी आठ वाट्यांपर्यंत न्या, ती या कुकरात गॅसपेक्षा छान होते.

आणि खिचडी झाली की 'कीप वॉर्म', म्हणजे अन्न गरम ठेवायची सोय, बंद करा. वरण तिथे दोन-तीन तास निवांत राहतं. भात-खिचडी मात्र बुडाला तांबूस होते आणि वर कोरडी पडते. मिस्टर उशिरा येणार असतील तर त्यांच्यासाठी वरण गरम ठेवा, भात ताजा टाका.

'बर्न'ची अक्षरं दिसली की घाबरायचं काही नाही. बुडाशी काहीतरी चिकटून तापमान नको तितकं वाढलं, एवढंच यंत्र सांगतंय. ते बंद पडतं म्हणून भांडं वाचतं. आपल्या मसाल्यात भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस, वर शेंगदाण्याचं कूट. हे वाटण घट्ट असतं आणि परतताना बुडाला धरतंच. गॅसवर आपण पळीनं खरवडत राहतो, इथे झाकणाखाली कोण खरवडणार? म्हणून मसाला परतून झाला की यंत्र बंद करा, अर्धी वाटी पाणी टाका आणि लाकडी उलथण्यानं बूड पूर्ण साफ करा. बोट फिरवल्यासारखं गुळगुळीत लागलं पाहिजे. मग बाकीचं पाणी, मग मटण किंवा हरभरे. टोमॅटो घालायचाच तर सगळ्यात वर, न ढवळता. शेंगदाण्याचं कूट, बेसन, कणीक असं काहीही दाट करणारं झाकण उघडल्यावरच घाला आणि पुन्हा 'सॉटे'वर दोन उकळ्या काढा. एकूण पातळ पदार्थ दीड वाटीच्या खाली नको, नाहीतर दाबच येत नाही.

शेवभाजीसाठी मात्र हा कुकर काढूच नका. त्यात शिजायचं असतं काय? मसाला तेल सुटेपर्यंत परतायचा, पाणी घालून तर्री येईपर्यंत उकळायचं, शेव ताटात. कढईचं काम आहे ते. पातोड्यांच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्श्याचंही तेच.

भरताबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी तुम्हाला सांगेलच की वांगी दोन मिनिटांत कुकरात उकडतात. उकडतात, पण ते भरीत नव्हे. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या हिरव्या-पांढऱ्या, कमी बियांच्या वांग्याला कपाशीच्या काड्यांचा जाळ लागला पाहिजे, निदान गॅसची ज्योत तरी. वाफेवरच्या वांग्याला धुराचा वास कुठून येणार? सासूबाई यावल-रावेरकडच्या असतील तर या एका वांग्यावरून कुकर कायमचा घराबाहेर जाईल, सांभाळा.

बाकी खान्देशी जेवणातलं पुष्कळ या कुकरला मानवतं. फुणके करून बघा. भिजवलेली डाळ भरड वाटायची, कांदा, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ घालून मुटके वळायचे, चाळणीला तेल लावून त्यात ठेवायचे. खाली दोन वाट्या पाणी, जाळीवर चाळणी, पण वाफेची झडप उघडी ठेवायची, कारण याला नुसती वाफ हवी, दाब नको. अशा वेळी यंत्राचा आकडा बऱ्याचदा पुढे सरकतच नाही, कारण दाब आल्याशिवाय तो मोजत नाही. मोबाइलवर पंधरा मिनिटं लावा. तेवढ्यात कढी होते. वरण-बट्टीच्या बट्ट्याही अशाच वीस-पंचवीस मिनिटं उकडून, थंड करून, कापून तळता येतात, आणि त्याच दिवशी गॅसवर वांग्याची घोटलेली भाजी.

पुरण तर फारच चांगलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे घरोघरी पुरणपोळ्या-आमरस आणि बाहेर रणरणतं ऊन. हरभऱ्याची डाळ तासभर भिजवून, दुप्पट पाण्यात, चमचाभर तेल घालून बारा मिनिटं. वाफ पूर्ण उतरू द्या. दाणा बोटानं दाबला की मोडतो पण पाण्यात विरघळलेला नसतो, पुरणाला हवा तसा. वरचं पाणी कटाच्या आमटीला काढून घ्या. गूळ घालून आटवणं मात्र जाड बुडाच्या पातेल्यात. कुकरात गूळ टाकलात की पुन्हा ती 'बर्न'ची अक्षरं. मे महिन्यात भुसावळात पारा ४५च्या आसपास जातो तेव्हा स्वयंपाकघरात उघडी ज्योत जितकी कमी वेळ असेल तितकं बरं, हे मी तुम्हाला काय सांगणार. हा कुकर बाहेरच्या खोलीत किंवा मागच्या पडवीतही लावता येतो, प्लग तेवढा हवा.

याच उन्हाळ्याशी जोडलेली एक सूचना नीट ऐका. या कुकरात 'डिले स्टार्ट' असतं: रात्री डाळ-पाणी घालून ठेवा, पहाटे पाचला यंत्र आपोआप सुरू होईल. जाहिरातीत छान वाटतं. थंडीत चालूनही जातं. पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे रात्रीसुद्धा घर तापलेलं असतं, आणि सात-आठ तास भिजलेली डाळ फेसाळून आंबते. उन्हाळ्यात डाळ फ्रिजमध्ये भिजत घाला आणि सकाळी उठून बटण दाबा. मटण, चिकन, दूध यांना तर कोणत्याच ऋतूत हे बटण लावू नका. 'स्लो कुक' नावाचं आणखी एक बटण असेल, त्यावर राजमा कच्चा शिजवायचा नाही. राजम्यात एक विषारी घटक असतो. तो मोडायला सणसणीत उकळी लागते आणि मंद आचेवर ती येतच नाही, पोटाचे हाल होतात. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, दाबावर पंचवीस मिनिटं शिजवला की काही भीती नाही.

लाइटचं विचारलंत. मध्येच वीज गेली तर काहीही फुटत नाही. झाकण दाबाखाली कुलूपबंद असतं, आतली वाफ हळूहळू थंड होत उतरते आणि तेवढ्या वेळात अन्न आतल्या उष्णतेवर शिजतच राहतं. पाच मिनिटं राहिली असताना वीज गेली तर बहुतेकदा डाळ झालेलीच असते. झाकण ओढाओढी करून उघडू नका, खिट्टी खाली पडेपर्यंत थांबा. वीज आल्यावर काही कंपन्यांचे कुकर जिथे थांबले तिथून पुढे चालतात, काहींना पुन्हा बटण द्यावं लागतं. तुमचा कोणता, हे एकदा मुद्दाम प्लग काढून बघून ठेवा. घरच्या लहान इन्व्हर्टरवर हा लावायचा नाही, हजार वॅट तो ओढणार नाही. उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हाही याला उशीर लागतो. २३०च्या जागी १८० व्होल्ट आलं तर हीटरची ताकद साठ टक्क्यांवर येते, आणि दहा मिनिटांत येणारा दाब सोळा-सतरा मिनिटांवर जातो. तुमची डाळ 'कधी कधी' उशीर करते त्यातलं हेही एक कारण असेल. एक्स्टेन्शन बोर्ड नको, तीन पिनांचा प्लग सरळ भिंतीतल्या अर्थिंगच्या सॉकेटमध्ये. बिलाची चिंता करू नका. हीटर सतत चालत नाही, दाब आला की चालू-बंद होत राहतो. चार माणसांच्या वरण-भाताला पाव ते अर्धं युनिट, इतकाच खर्च.

राहता राहिल्या सासूबाई.

त्यांच्या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत, एकत्र मोजू नका. चवीची तक्रार बरीचशी खरी आहे. बंद भांड्यात पाणी आटत नाही, त्यामुळे रस्सा पाणचट लागतो, आणि आत दाबाखाली शिजलेल्या लसणाचा वास मरतो. उपाय साधा आहे: फोडणी आणि मसाला शेवटी, गॅसवर, आणि शक्य असेल तेव्हा त्यांच्या हातानं. तुम्ही कुकर लावा, वरणाला लसणाची फोडणी त्या देतील. वरणाची चव फोडणीतच तर असते. शाळेतून आल्यावर 'आज माझं वरण' आणि 'आज तुमचं वरण' असा प्रश्नच उरणार नाही.

शिटीची तक्रार मात्र वेगळ्या जागेतून येते. शिटी म्हणजे त्यांना पडवीत बसूनही घराचा कारभार कळत होता. डाळ झाली, आता भाकरीचं पीठ मळायचं, हे त्यांना कोणी सांगावं लागत नव्हतं. आता एक मुकं भांडं कोपऱ्यात बसलंय, त्यावर इंग्रजी अक्षरं लुकलुकतात आणि घरात त्या एकट्या असताना ते चालू आहे की बंद, हेही कळत नाही. अशा वेळी कोणीही म्हणेल की नको ते. 'बीप'चा आवाज मोठा करता येतो का बघा, बऱ्याच यंत्रांत येतो. रोजच्या दोनच बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके द्या, लाल म्हणजे डाळ, दुसरा रंग म्हणजे बंद, आणि शेजारी कागदाच्या पट्टीवर मराठीत लिहा. खिट्टी वर म्हणजे आत वाफ, हात लावायचा नाही, आणि खिट्टी खाली म्हणजे उघडायचं. एवढं एकदा त्यांच्यासमोर दाखवा, त्यांना स्वतः उघडू द्या. बाकीची पंधरा बटणं असून नसल्यासारखी, ती तुम्हालाही लागणार नाहीत.

आणि जुना कुकर माळ्यावर टाकू नका. तो त्यांच्या हाताखाली, नेहमीच्या जागी राहू द्या. दुपारी त्यांना एकटीपुरती मुगाची खिचडी गॅसवर दोन शिट्ट्यांत करावीशी वाटली तर ती करू द्या. एका घरात दोन कुकर असले म्हणून काही बिघडत नाही. हरभरे, हुलगे, मटण, पुरण आणि तुमची पहाट नव्याकडे, घाईचं थोडंसं काही जुन्याकडे.

रविवारी मटण झालं की झाकणातली सिलिकॉनची रिंग काढून, साबणानं धुऊन उन्हात टाका. ती वास धरून ठेवते आणि सोमवारच्या भाताला काळ्या मसाल्याचा वास मारतो. सणावाराला गोड शिजवायचं असेल तर दुसरी रिंग आणूनच ठेवा, एक तिखटाची, एक गोडाची. रिंग सैल पडली, झाकणाच्या कडेनं वाफ यायला लागली की बदला. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेच्या भोकावर एक छोटी जाळीची टोपी असते, तीही काढून धुवा. डाळीची सालं तिथेच अडकतात आणि मग दाब येत नाही म्हणून आपण डाळीला बोल लावतो.

ता. क. हे तुमच्यासाठी नाही, पण पत्रं येतात म्हणून लिहिते. कोणाचा कुकर मुलानं किंवा दिरानं अमेरिकेहून बॅगेत घालून आणला असेल, तर प्लगला पिन बदलणारा अडॅप्टर लावून तो इथे चालवू नका. तो ११०-१२० व्होल्टचा असतो. आपल्या २३०वर लावला की पहिल्याच दिवशी जळेल, आणि त्याच्यासोबत घेतलेला स्वस्तातला कन्व्हर्टरही हजार वॅट पेलणार नाही.